मागच्या सीटचा पट्टा

मुलगा: घट्ट धर गं आई. सुटला तर सगळा पट्टा परत आत जाईल.

आजी: तो आत जात नाही हीच तर तुझी तक्रार आहे ना?

मुलगा: जातो, पण सासरी निघालेल्या मुलीसारखा. दहा वेळा थबकत, मागे बघत. तोवर आपण दार लावलेलं असतं आणि बक्कल मध्ये चेंगरतं. हे बघ, दाराच्या कडेचा रंग कसा उडालाय.

आजी: मग मला कशाला धरून बसवतोस? दोरीवर कपड्यांचे चिमटे आहेत की. पट्टा ज्यातून येतो त्या कडीच्या खाली एक लाव, जातोय कुठे पट्टा.

मुलगा: हे मला का सुचलं नाही?

आजी: कधी कपडे वाळत घातले असतेस तर सुचलं असतं.

मुलगा: बरं बाई. लावला चिमटा. आता हा असाच पूर्ण बाहेर राहील. साबणाच्या पाण्याने घासायचा आणि सकाळपर्यंत वाळू द्यायचा. ओला आत गेला तर बुरशी धरेल. बघ, एरवी आत असतो तो भाग कसा कोरा आहे, आणि रोज अंगाला लागतो तो किती चिकट झालाय.

आजी: शी. हे काळं सगळं आपल्याच अंगाचं?

मुलगा: घाम, केसांचं तेल, धूळ. सीटची कव्हरं आपण धुतो, पायाखालच्या चटया झटकतो, पट्ट्याकडे कोण बघतं? मळाने पट्टा जाड होतो आणि ह्या वरच्या कडीत त्याचा लेप बसतो. मग आतल्या स्प्रिंगला तो ओढवत नाही. मेकॅनिक म्हणाला, स्प्रिंगला काही झालेलं नाही, आधी पट्ट्याला आंघोळ घाला.

आजी: भला माणूस दिसतो.

मुलगा: भला कसला, चारचौघांत हसला मला. मी गेल्या महिन्यात त्या कडीत तेल सोडलं होतं ना. म्हणाला, साहेब, पट्टा आहे हा, दाराची बिजागरी नव्हे. तेलावर आणखी धूळ बसली आणि होतं त्याहून वाईट झालं.

आजी: कुठलं तेल?

मुलगा: तुझ्या शिलाई मशीनचं.

आजी: म्हणून बाटली तळाला गेली होय. मी तुझ्या लेकीला, ठकूला विचारलं, तू सांडलंस का म्हणून. बिचारी नाही नाही म्हणत होती.

मुलगा: या घरात काही सांडलं की ठकूच. चला, पुढचे दोन झाले ओढून. आता मागचे. तुझ्या बाजूचा आधी.

आजी: माझा राहू दे.

मुलगा: राहू दे कसा? सगळ्यात वाईट तोच आहे. पुढचे निदान रडत-खडत आत जातात. हा अर्ध्यावर थांबतो आणि लोंबत राहतो.

आजी: तिथे मीच बसते. मला चालतो तसा.

मुलगा: मला नाही चालत. उद्या एवढं लांब जायचंय, मोठ्या रस्त्याने.

आजी: मी येत नाहीये उद्या.

मुलगा: पुन्हा तेच. ठकू म्हणते, आजी नसेल तर मी गाडीत बसणारच नाही.

आजी: लहान मुलांच्या डॉक्टरकडे माझं काय काम? आणि मी म्हणते, तिला तरी कशाला नेताय? चांगली खेळती पोर आहे.

मुलगा: खेळती? आई, तू घरातच असतेस ना? काकांकडून येताना गाडीत सीट ओली झाल्यापासून पोर वाळलीये. शाळेत दर तासाला हात वर करते, तिच्या बाईंनी बोलावून सांगितलं. सीटवर बसायच्या आधी खाली वर्तमानपत्र घालते. सहा वर्षांची पोर, स्वतःच्या हाताने. मला बघवत नाही.

आजी: होईल कमी आपोआप.

मुलगा: झालं नाही म्हणून तर डॉक्टर. लघवीची तपासणी करतील, गरज पडली तर पोटाचा फोटो काढतील. काही असलं तर कळेल.

आजी: सुया टोचतील तिला.

मुलगा: टोचल्या तर टोचल्या. सरक जरा, मला हा पट्टा ओढू दे. बघ, इथवर येतो आणि इथे काहीतरी... हे काय आहे?

आजी: काय?

मुलगा: दुमड आहे. आई, हे शिवलंय.

आजी: कंपनीतूनच तसं आलं असेल.

मुलगा: कंपनी मशीनने शिवते. ही हाताची टीप आहे, एकाला एक लागून, आणि दोऱ्याची दोन्ही टोकं आत दडवलीत. असं काम करणारं माणूस या घरात एकच आहे. चोर टाक्यावरून सापडला.

आजी: मानेला काचत होता. जरा सैल केला, एवढंच.

मुलगा: सैल केला? ही काय फ्रॉकची कंबर आहे, चूण घातली की झालं? ही दुमड कडीत अडकते, म्हणून तो आत जात नाही. मी तिकडे तेल ओततोय, मेकॅनिककडून बोलणी खातोय, आणि तू दाभण घेऊन...

आजी: दाभण नाही. गादीची सुई.

मुलगा: वा, मग तर काही प्रश्नच नाही. आई, गाडी धडकली तर हा पट्टा माणसाला धरून ठेवतो. तो अंगाला घट्ट लागला तरच धरतो. तू त्यात ढिलाई शिवून ठेवलीस आणि वर सुईने भोकं पाडलीस. हा पट्टा आता धुऊन उपयोग नाही, आख्खा बदलावा लागेल.

आजी: बदल मग. माझ्यावर ओरडून तो सरळ होणार आहे का?

मुलगा: ओरडत नाहीये. सांगायचं होतंस एवढंच म्हणतोय. मानेला लावायची मऊ पट्टी मिळते, मी आणली असती. तोंड शिवून घेतलं होतंस का?

आजी: घेतलं होतं असं समज.

मुलगा: लगेच रुसू नकोस. कात्री घे आणि उसव ते. निदान घासून तर बघू. मी औषधाच्या दुकानातून स्पिरिट घेऊन येतो, कड्या पुसायला. आणि तुझी सून बादली आणतेय, तिला म्हणावं, पाणी फार कढत नको.

(तो जातो. थोड्या वेळाने सून साबणाच्या पाण्याची बादली आणि जुना ब्रश घेऊन येते.)

सून: आई, बादली कुठे ठेवू?

आजी: इथे, दाराशी. ठकू काय करतेय?

सून: आत चित्रं काढतेय. हे काय, कात्री हातात घेऊन नुसत्याच बसलात? फाटकात हे मला सांगून गेले, आईंनी सीटबेल्टला चूण घातली म्हणून. हसावं की रडावं कळेना मला.

आजी: हस बाई. तू तरी हस.

सून: दिसत नव्हतं का तुम्हाला इथे? उजेड नाहीये आत. द्या इकडे, मी उसवते.

आजी: नको, तू पट्टा कापशील. माझं मी करते.

सून: मग करा ना. थांबा, त्याआधी मला एकदा बसून बघू द्या कसा वाटतो तो. सरका. हां. बक्कल लागलं. आई, मानेला काचतो म्हणून सैल केलात ना?

आजी: हो.

सून: मानेला तर हा अजून तसाच घासतोय. सैल झालाय तो खाली, पोटाशी.

आजी: तिथेही काचत होता.

सून: पोटाला नाही. त्याच्याही खाली.

आजी: पाणी गार होतंय गं. तो आला की बोंब मारेल.

सून: मारू दे. आई, ठकूच्या वेळी दिवस भरत आले तेव्हा मी हा पट्टा हाताने उचलून धरायचे. खड्डा आला की उचलायचे. कशासाठी ते तुम्हाला सांगायला नको.

आजी: तुझं तेव्हाचं वेगळं होतं. पोटात पोर होती. माझ्या पोटात काय आहे?

सून: कधीपासून होतंय हे?

आजी: काय कधीपासून?

सून: आई, इथे कोणी नाहीये.

आजी: थंडीपासून. आधी खोकला आला की थोडंसं व्हायचं. मग शिंकलं तरी. आता तर हसायचीही चोरी. मशीनवर पाय मारतानासुद्धा भीती वाटते. गाडीत बसलं की हा पट्टा बरोब्बर तिथे बसतो, आणि रस्ता हा असा. म्हणून घातली चूण. सगळे दुपारी झोपला होतात तेव्हा. वाटलं, काय मोठंसं, हातभर पट्टा तर आहे.

सून: म्हणून तुम्ही कुठे येत नाही.

आजी: हं.

सून: माझ्या भावाकडे आला नाहीत. त्या नाटकाला आला नाहीत, तिकीट काढलं होतं तरी. मला वाटायचं, माझ्याबरोबर यायला नको असतं तुम्हाला. हे पण तेच म्हणायचे.

आजी: तुला कोण नको म्हणेल? मला घरातल्या घरात संडासाच्या दारापासून लांब जायला नको वाटतं, एवढंच. कोणाला सांगू हे? त्याला? मुलाला आईने असलं काही सांगायचं असतं का? आणि तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, झालं, आता हिचंही करा.

सून: मी असं म्हटलं नसतं.

आजी: तोंडाने नसतं म्हटलंस.

सून: आई, थांबा जरा. मला एक आठवतंय.

आजी: उसवलं बघ हे. दोरा पक्का होता, पण निघाला.

सून: काकांकडून येताना ठकू तुमच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

आजी: लहान आहे, झोप लागते तिला गाडीत.

सून: तिचा फ्रॉक मी धुतलाय. तो खांद्याशी भिजला होता. खांदा आणि एक बाही. खाली जवळजवळ कोरडा होता. मी धुताना मनात म्हटलं, असं कसं झालं? आणि पिळून टाकला दोरीवर. पुढे विचारच केला नाही.

आजी: अंधार होता. गाडी थांबून राहिलेली. पुढे कितीतरी गाड्या.

सून: आई, तुम्ही होता का?

आजी: हो. मी होते.

सून: ठकू नव्हती.

आजी: ती झोपेत होती गं. तिला काय माहीत असणार? मी त्याला म्हटलं होतं, कुठे थांबता येईल का. तो म्हणाला, आई, आत्ताच तर पेट्रोल पंपावर थांबलो होतो. मग पुन्हा म्हणायची लाज वाटली. दात आवळून बसले. पुढच्या गाडीने एकदम ब्रेक मारला, आपल्या गाडीला धक्का बसला आणि मला नाही धरवलं. तुम्ही दोघं पुढे गाणी ऐकत होता.

सून: घरी आल्यावर सीट ओली दिसली. मी म्हटलं, हे काय. आणि तुम्ही शेजारीच उभ्या होता.

आजी: शालीत होते. शाल गुंडाळून घेतली होती.

सून: मी तिला मारलं, आई. झोपेतून उठवून मारलं. एवढी घोडी झालीस म्हणून.

आजी: मी बघत होते.

सून: बघत नव्हता नुसत्या. तुम्ही बोललात पण. काय बोललात आठवतं ना?

आजी: नको बोलूस.

सून: तुम्ही म्हणालात, असू दे गं, लहान आहे, होतं कधीकधी. आणि रात्री मी तुमच्या खोलीत येऊन म्हटलं, आई, तुम्ही होतात म्हणून बरं, नाहीतर मी तिला आणखी मारलं असतं. तुमचे आभार मानले मी.

आजी: त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही माझा. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी ती माझ्याकडे बघेना, खाली मान घालून बसली होती. तेव्हा तर जास्तच जीभ जड झाली. मग वाटलं, विसरेल. पोरं विसरतात. मी लोकांचे कपडे उसवून पुन्हा नीट बसवून देते, तेच माझं काम. आणि माझ्याच नातीचं एवढं बिघडवून ठेवलं ते मला उसवता आलं नाही. रोज तिला सीटवर कागद घालताना बघते आणि वाटतं, धरणीने पोटात घ्यावं. तरी तोंड उघडत नाही. कसली आजी मी.

सून: मला तुमच्यावर इतका राग आलाय ना, की मी आत्ता काय बोलेन ते मलाच माहीत नाही.

आजी: बोल. मला ऐकू दे.

सून: उद्या तिला तपासायला नेणार होतो. सुया टोचल्या असत्या तिला. तेव्हाही तुम्ही गप्प बसला असता?

आजी: माहीत नाही. खरंच माहीत नाही गं. घरी बसून वाट बघितली असती, डॉक्टर म्हणेल काही नाही, मग सगळं मिटेल. असला विचार करत होते मी. सांगतानाही मान खाली जाते.

सून: आणि मी. खांदा ओला होता, आई. मी आई आहे तिची आणि मला दिसलं नाही. मी तिला विचारलंसुद्धा नाही, तू केलंस का म्हणून. सरळ हात उचलला.

आजी: तू रडू नकोस. तुझी चूक नाही.

सून: माझी नाही असं नका म्हणू. माझी माझ्यापाशी राहू दे. आणि हे बघा, गळतं हे काही मोठं नाही. मलासुद्धा जिना चढताना शिंक आली की पाय आवळून उभं राहावं लागतं, ठकू झाल्यापासून. बायकांच्या डॉक्टर असतात त्यासाठी, जाऊ आपण. त्याची लाज सोडा. ठकूचं मात्र मोठं आहे.

आजी: कळतं मला.

सून: मग तिला सांगा.

आजी: तू सांग ना. तू समजावून सांगशील. मला शब्द सापडायचे नाहीत.

सून: नाही. ह्यांना हवं तर मी सांगते. ठकूला तुम्हीच सांगायचं.

आजी: त्याला नको सांगूस. हात जोडते.

सून: न सांगून कसं चालेल? उद्याची वेळ घेतलीये ह्यांनी.

मुलगा: काय नको सांगू? ही घ्या स्पिरिटची बाटली. अजून पट्टा कोरडाच? मी गेल्यापासून दोघी गप्पाच मारताय का? आणि हिचे डोळे का लाल झालेत? आई, तू काही बोललीस का हिला?

आजी: तिला नाही रे काही बोलले. मीच.

मुलगा: तू काय?

आजी: उद्याची डॉक्टरची वेळ रद्द कर.

मुलगा: आई, आता हा विषय पुन्हा...

आजी: ठकूला काही झालेलं नाही. त्या दिवशी गाडीत ती नव्हती. मी होते. मला धरवलं नाही, आणि मी ते तिच्यावर जाऊ दिलं. ही चूणही त्यासाठीच. मान-बिन काही नाही. झालं, सांगितलं. आता तू बोल, नाहीतर ओरड.

सून: काहीतरी बोला हो.

मुलगा: ब्रश कुठेय?

सून: हा काय, बादलीत.

मुलगा: आधी कडी पुसायची आहे. मग पट्टा. कडीत लेप राहिला तर धुऊन फायदा नाही.

आजी: अरे, माझ्याकडे बघ तरी.

मुलगा: बघतो. थोड्या वेळाने बघतो. मी म्हणालो होतो ना तुला, आत्ताच तर पंपावर थांबलो होतो म्हणून.

आजी: तुला काय माहीत होतं?

मुलगा: माहीत नव्हतं, पण कसं म्हणालो ते आठवतंय. आरशात बघून, डोळे फिरवून. ही हसलीसुद्धा होती. मला वाटलं, चेष्टा चाललीये. तू पुन्हा विचारलं नाहीस आणि मला बरं वाटलं, चला, सुटलो.

आजी: जाऊ दे रे.

मुलगा: जाऊ दे कसं? गाडी मी चालवत होतो. थांबवायची मीच होती. आणि वर मगाशी तुलाच शिकवत होतो, सांगायचं होतंस म्हणून. सांगितलं होतंस तू.

सून: ठकूला बोलवू का?

आजी: आत्ता? इथे? जरा तोंड धुऊन येते.

सून: आई, तोंड धुवायला गेलात तर परत यायच्या नाहीत तुम्ही.

आजी: बोलव मग.

सून: ठकू. ए ठकू, बाहेर ये जरा. आजी बोलावतेय. चप्पल घाल.

आजी: काय म्हणू तिला? सुरुवात कशी करू?

मुलगा: आई, मला येत असतं तर मीच केली असती.

नात: मी आत्ताच जाऊन आले, आजी.

आजी: कुठे गं?

नात: बाथरूमला. चित्र काढायच्या आधी पण गेले होते. गाडीत बसायचंय का आता? मी पेपर आणते.

आजी: नको. पेपर नको आणूस. इथे ये, माझ्याजवळ बस. अशी, पायरीवर.

नात: बाबा, पट्ट्यांना चिमटे का लावलेत?

मुलगा: ते... आत जाऊ नयेत म्हणून. तू आजीचं ऐक आधी.

आजी: ठकू, आपण काकाआजोबांकडून येत होतो बघ. तू माझ्या मांडीवर झोपली होतीस.

नात: मी आता नाही करत तसं. खरंच नाही करत.

आजी: तू तेव्हाही नव्हतं केलंस. ते मी केलं होतं.

नात: काय?

आजी: सीट मी ओली केली होती. तू झोपेत होतीस. तुझा फ्रॉक माझ्यामुळे भिजला.

नात: मोठी माणसं करत नाहीत.

आजी: करतात. म्हातारी झाली की होतं कोणाकोणाला. मला होतं.

नात: आई, आजी खरं बोलतेय?

सून: हो बाळा. आजी खरं बोलतेय. आणि मी तुला उगाच मारलं. माझं चुकलं.

नात: पण आजी म्हणाली होती, लहान आहे, होतं. ती मला म्हणाली होती ना?

आजी: हो. तुलाच म्हणाले होते. खोटं बोलले मी. सगळे बघत होते, मला फार लाज वाटली, म्हणून मी तुझ्यावर ढकललं. असं करू नये. कोणीच करू नये, आणि आजीने तर नाहीच.

नात: मला पण लाज वाटली होती.

आजी: माहीत आहे मला. मी बघत होते रोज.

नात: शाळेत मी कोणाला सांगितलं नाही. बाई विचारत होत्या तरी नाही सांगितलं.

आजी: तू माझ्यापेक्षा शहाणी आहेस.

नात: मला आठवत नव्हतं केलेलं. मी खूप आठवून बघितलं. मग वाटलं, झोपेत होते म्हणून आठवत नसेल. मग मी नव्हतेच?

आजी: नव्हतीस. अजिबात नव्हतीस.

नात: मग आता मी रात्री पाणी प्यायले तर चालेल?

सून: पाणी? तुला पाणी पिऊ नको असं कोण म्हणालं, ठकू?

नात: कोणीच नाही. मीच पीत नव्हते.